चुना ओला असेतोवर

ही घटना खरी आहे.

मानायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मी रचून सांगत असतो, तर अमावास्येची रात्र घेतली असती, लाइट घालवले असते, दोन-चार कुत्री रडवली असती. इथे तसलं काहीच नाही. गेल्या वर्षीच्या माघातला मंगळवार. दुपारचे अडीच. जुनं पनवेल, वडाळे तळ्याच्या अलीकडची एक अरुंद गल्ली. ऊन असं, की उभं राहायला सावली शोधावी लागत होती.

आणि अशा गोष्टींच्या वर लिहितात ना, नावं बदलली आहेत म्हणून? मी एकही नाव बदललेलं नाही.

फक्त एक नाव या गोष्टीत नाही...

ते का नाही, ते ओघाने येईलच.

विनिता माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, पण तोरा नव्वद वर्षांचा. तीस वर्षं तिने शाळेत चित्रकला शिकवली. 'विनिता' हे तिचं सासरचं नाव, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. नवरा, शाळा, बँक, शेजारपाजार, सगळीकडे तेच चाललं. माहेरच्या नावाने तिला येताजाता हाक मारणारे आम्ही दोघेच उरलो होतो. एक आमची आई आणि एक मी. मी त्या नावापुढे 'ताई' लावायचो, एवढाच फरक.

निवृत्त झाल्यावर तिने एक खूळ डोक्यात घेतलं. पनवेलच्या जुन्या घरांच्या दर्शनी भागावर चुन्यात घडवलेल्या आकृत्या असतात. पोपट, हत्ती, कमळं, माळा धरलेल्या बायका, दारावर एखादी लक्ष्मी. आपण खालून जातो, मान वर करत नाही. विनिता करायची. दुर्बीण, वही आणि छत्री घेऊन गल्लोगल्ली हिंडायची. घरं एकेक करून पडत होती, टॉवर उभे राहत होते. त्याआधी हे सगळं एका पुस्तकात उतरवायचं, असं तिने ठरवलं होतं.

"फोटो कोणीही काढेल रे पिंट्या," ती म्हणायची. "मला हात कोणाचा होता ते हवंय. घर कोणाचं ते सगळे सांगतात. केलं कोणी, ते विचारलं की सगळे गप्प."

यामागे आमचे वडील होते, हे मला न सांगता कळायचं. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अर्ध्या पनवेलच्या पाट्या त्यांच्या हातच्या. कोपऱ्यात छोटीशी सही करू का, असं ते विचारायचे आणि दुकानदार नको म्हणायचे. मग फ्लेक्स आले. आज त्यांच्या हातची एकही पाटी कुठे उरलेली नाही. ते तिला फार लागलेलं होतं.

तर, त्या गल्लीतलं घर.

दुमजली. खाली दुकानाचे गाळे, वर लांबलचक गॅलरी. कपाळावर चुन्यात उठवलेला आकडा, १९३६. आणि गॅलरीच्या खाली ओळीने आठ तोंडं.

पहिली सहा बायकांची. एकसारखी, भांग पाडलेली, नथ घातलेली. आठवं कधीकाळी पडून गेलेलं, तिथे नुसती लोखंडी सळई बाहेर आलेली.

सातवं मात्र पुरुषाचं होतं. ना मुकुट, ना पागोटं. खप्पड गाल, एका कानाची पाळी तुटलेली. खाडीकाठच्या मिठागरावर दिसेल असा साधा माणूस. आणि तोंड अर्धवट उघडं...

कोणी हाक मारल्यावर ओ देताना उघडतं, तसं.

विनिताने याच हाताची आणखी चार घरं हुडकली होती. पोपटाची चोच तीच, बायकांची नथ तीच. पण त्या चारही घरांवर पुरुष कुठेच नव्हता. त्याच्या जागी एक गुळगुळीत गोळा होता. डोळे नाहीत, नाक नाही. नुसतं कोरं तोंड. काम अर्धवट राहिलं असेल, असं तिला आधी वाटलं.

चारही घरांवर?

वहीत तिने आणखी एक नोंद केली होती, बारीक अक्षरात. पलीकडेच मच्छी बाजार, त्यामुळे त्या गल्लीत कावळे मायंदाळ. विजेच्या तारांवर दाटीवाटीने बसलेले. त्या एका गॅलरीच्या कठड्यावर मात्र कावळा बसत नव्हता. पाच दिवस, रोज तासभर तिने पाहिलं.

एकही नाही.

घराचे मालक सत्यजीत सज्जन माणूस. घर पाडायचं नाही, दुरुस्त करायचं, यावर ठाम. पण कारागिराबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, की तो उरणकडचा चुनेवाला होता. विनिताने दोन महिने चौकशा केल्या. फोन केले, ओळखी काढल्या, मला स्कूटरवरून उन्हातान्हात हिंडवलं. शेवटी उरणपुढे मोरा बंदराच्या वाटेवरच्या एका गावात तिला त्या चुनेवाल्याचं घर सापडलं.

घरात दोघं म्हातारे. आनंदा, ऐंशीच्या घरातले, आणि त्यांची थोरली बहीण गंगाबाई, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांचा आजा खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना पाडायचा, आणि त्या चुन्यातून तोंडं घडवायचा. विनिताने मोबाइलवर सातव्या तोंडाचा फोटो दाखवला. गंगाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला.

"आजाच हाय," त्या म्हणाल्या. "कान बघ त्याचा."

विनिताला हर्षाने काही सुचेना. वही उघडून, पेन सरसावून तिने विचारलं, "त्यांचं नाव काय?"

आनंदांनी बहिणीकडे पाहिलं.

"मना नाय म्हाइत," आनंदा म्हणाले.

"विसरलात?"

"इसरायला आदी ठावं तं पायजे."

विनिताला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग गंगाबाई सांगू लागल्या, सावकाश, खालच्या आवाजात.

"चुन्याच्या कामाची येक रीत हाय. परांचीवर कोन कोनाला नावानं हाक नाय मारायचा. शीळ घालायचे, नाय तं 'ए गड्या'. चुना ओला असेतोवर नाव नाय घ्यायचं. ओल्या भिंतीला तोंड पायजे असतं. म्हनून येक कोरं ठेवायचं. कोरं बघून ती गप ऱ्हाते. पन त्याच्यापुढं नाव घेतलं, का ते नाव ती ठेवून घेते."

"आणि आजोबांचं नाव कोणी घेतलं?"

"त्याच्या मेव्हन्यानं. पनवेलचं काम चालू हुतं. जेवन आलं, म्हनून त्यानं खालून नावानं हाक दिली. आजा वर कोऱ्या तोंडाशी हुता. आजानं ओ नाय दिली. भिंतीनं दिली..."

चूल धुमसत होती. गंगाबाईंनी लाकूड आत सारलं.

"आन् तवापास्नं त्याचं नाव गेलं. कोनाच्या तोंडात नाय, कोनाच्या ध्यानात नाय. पन कोनाला कललंच नाय ते! आजी नवऱ्याचं नाव घेयाची नाय. पोरं 'बा' बोलायची, आमी 'आजा'. गावान् कोनाचा मामा, कोनाचा काका. चवदा वर्सं तसाच जगला. आन् मेला, तवा धाव्याला भटानं विचारलं, नाव सांगा... सगली येकमेकांच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली."

विनिता शिकलेली बाई. वडिलांच्या कागदावर तरी आजोबांचं नाव असणार, असं तिला लगेच सुचलं. आनंदांनी पत्र्याच्या पेटीतून बापाचा जुना कागद काढला. बापाचं नाव स्वच्छ होतं. त्याच्या पुढे, जिथे आजोबांचं नाव हवं, तिथे वाळवीने भोक पाडलं होतं. बाकी सबंध कागदाला वाळवीचा स्पर्शही नव्हता.

मिठागरावरच्या मजुरांची एक जुनी यादी होती. तिच्यावर त्याच जागी शाई सांडलेली.

"बाई," आनंदा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला, "सर्वपित्रीला सगल्यांची पानं वाढतो. सगल्यांच्या पानाला कावला शिवतो. आजाच्या पानाला नाय शिवत. मना कलायला लागल्यापास्नं नाय शिवला. नाव घेतल्याबिगर कसा शिवेल? मी आता किती दिवसांचा? उद्या वर गेलो, तं त्याला हाक काय म्हनून मारू?"

विनिताचे डोळे भरून आले. वडिलांची आठवण झाली असणार. तिने म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मी शोधून देते त्यांचं नाव. शब्द देते."

"नको देऊ सबूद," गंगाबाई म्हणाल्या.

परत येताना स्कूटरवर मागे बसून ती कितीतरी वेळ बोलत होती. "म्हणजे बघ पिंट्या, यांची नावं कोणी विसरलेलं नाही. यांनी ती कामावर कधी घेतलीच नाहीत. केवढं प्रकरण होईल हे पुस्तकात!" मी म्हटलं, भीतीबिती नाही ना वाटली? ती खळखळून हसली. मीही हसलो.

मी हे मुद्दाम सांगतोय. ती रीत मी ऐकली होती. मला ठाऊक होती.

माघात सत्यजीतनी दुरुस्ती काढली. कुमार मिस्त्री नावाचा चुन्याच्या कामातला जाणकार माणूस त्यांनी लांबून आणला. गॅलरीला बांबूंची परांची लागली. कळीचा चुना भिजत पडला, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. सगळी गल्ली त्या ओल्या, तुरट वासाने भरून गेली. विनिता रोज सकाळी खुर्ची टाकून समोर बसायची. कुमारची माणसं एकमेकांना खरंच शीळ घालून बोलवत होती. ते पाहून ती हरखून गेली.

मंगळवारी सकाळी कुमारने आठव्या जागी, त्या उघड्या सळईवर, नव्या चुन्याचा गोळा चढवला. हाताने गुळगुळीत केला. नाक-डोळे काढले नाहीत. वरून ओलं गोणपाट टाकलं.

"कोरंच ठेवणार?" विनिताने विचारलं.

"भिंतीला हात लावला, की एक कोरं ठेवावं लागतं," तो म्हणाला. "आणि मॅडम, दुपारी आम्ही जेवायला जातो, तेव्हा वर चढू नका. ओलं आहे."

ती हो म्हणाली. पण दुर्बिणीतून तिला त्या सकाळी काहीतरी दिसलं होतं. सातव्या तोंडाच्या आत, टाळ्याला, बारीक रेघा होत्या. ओरखडे नव्हेत. अक्षरांसारख्या.

कारागिराने आपलं नाव तोंडात लिहून ठेवलं असेल तर?

तिने मला दुकानातून बोलावून घेतलं. माझं झेरॉक्सचं दुकान जवळच आहे. अडीच वाजले होते. मिस्त्री आणि त्याची माणसं तळ्याकाठी जेवायला गेलेली. गल्लीत चिटपाखरू नाही. मी समोरच्या ओट्यावर मोबाइल घेऊन उभा राहिलो, आणि माझी एकोणसाठ वर्षांची बहीण ओढणी कमरेला खोचून शिडी चढू लागली.

मधेच थांबून तिने वळून पाहिलं. डोळे मिचकावले.

"नावानं हाक मारू नकोस हं पिंट्या!"

दोघंही हसलो.

ती वर पोचली. फळीवरून हळूहळू सातव्या तोंडापाशी गेली. उजव्या हाताला, हातभर अंतरावर, गोणपाटाखाली आठवं.

आणि तेवढ्यात आवाज आला...

थप्. थप्. थप्.

चुन्यावर थापी मारल्याचा. मी परांचीवर इकडून तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. सगळ्या थापी खाली घमेल्यात पडलेल्या होत्या, माझ्या डोळ्यांसमोर.

थप्. थप्. थप्.

"ऐकतोयस?" ती वरून कुजबुजली. "आतून येतंय."

"खाली ये ताई."

"अक्षरं आहेत रे. थांब."

तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्या उघड्या तोंडात पाहण्यासाठी पुढे वाकली. आवाज बंद झाला. एकदम. तारांवरचे कावळे उडून गेले. दूर हायवेची घरघर असते, तीही मला ऐकू येईना.

मग फळी हलली.

एका टोकाची दोरी सुटली असावी. फळी तिरपी झाली, तिचा पाय घसरला, तोल मागे गेला. खाली वीस फूट, फरशी.

मी ओरडलो.

लहानपणापासून जी हाक मारत आलो, तीच तोंडातून निघाली. तिचं नाव, आणि पुढे ताई. जीव खाऊन. पूर्ण गल्ली दणाणली.

तिने बांबू पकडला. वाचली. बांबूला मिठी मारून ती माझ्याकडे पाहत होती. चेहरा पांढराफटक, ओठ दातांखाली घट्ट दाबलेले. मी तिच्याकडेच पाहत होतो, शपथेवर सांगतो, तिचं तोंड मिटलेलं होतं.

आणि ओ आली...

"ओऽऽ..."

तिचाच आवाज. पण आत्ताचा नव्हे. चौदा-पंधरा वर्षांची असताना आई जिन्यातून हाक मारायची, तेव्हा ती गच्चीवरून द्यायची, तसा. लांबवलेला, लाडिक.

मी आठव्या जागेकडे पाहिलं. गोणपाट हलत होतं. वारा नव्हता. तोंड असतं त्या जागी ते ओलं कापड आत ओढलं गेलं, आणि मग सावकाश बाहेर आलं.

ती कशी उतरली, मी तिला कसं धरलं, मला नीट आठवत नाही. ओट्यावर बसवून पाणी पाजलं. तिला ओ ऐकू आली होती का, ते मी विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही. पाचेक मिनिटांनी कुमार मिस्त्री परतला. आमचे चेहरे पाहून तो जागच्या जागी थांबला.

"नाव घेतलं का कोणी?"

तो वर चढला, गोणपाट उचललं.

कोऱ्या गोळ्यावर नाक आलं होतं. ओठ आले होते. डाव्या भुवईत एक खाच होती. तशीच खाच विनिताच्या भुवईत आहे, सहा वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडल्याची.

आणि शेजारचं सातवं तोंड...

कोरं झालं होतं. गाल नाहीत, तुटका कान नाही, उघडं तोंड नाही. नव्वद वर्षांचा जुना, वाळलेला चुना, आणि तळहातासारखा गुळगुळीत.

कुमारने त्याच संध्याकाळी काम सोडलं. त्याने ना हत्यारं आवरली, ना सत्यजीतना फोन केला.

सहाच्या सुमारास विनिताचा फोन वाजला. आनंदा होते. एवढे ओरडत होते की मला बाजूला बसून ऐकू येत होतं.

"बाई! गावलं! जोमा! माझ्या आजाचं नाव जोमा! दुपारचं जेवत हुतो, घास हातान् हुता, आन् तोंडातनं आपसूक आलं. ताईला इचारलं, तं ती रडायलाच लागली. बोल्ली, हां, जोमाच!"

विनिता फोन कानाला लावून रडली. हसली. वहीच्या पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जोमा चुनेवाला'. दुपारचं सगळं ती त्या क्षणी विसरून गेली. शब्द पाळला गेला होता.

मला मात्र रात्रभर गार वाटत होतं. पण ती धडधाकट होती. जेवत होती, हसत होती, नवऱ्याशी भांडत होती. मी तिला 'ताई' म्हणत होतो, नवरा 'विनिता', मुलं 'आई'. सगळं जिथल्या तिथे होतं.

मग रविवार आला.

आमची आई शोभा माझ्याकडे असते. वय चौऱ्याऐंशी. दर रविवारी ताई येते आणि आई आधीपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसते. ताई कोपऱ्यावर वळली, की आई तिच्या नावाने एक हाक मारते, इतकी मोठी की अख्ख्या बिल्डिंगला कळावं, लेक आली.

त्या रविवारीही ताई वळली. आई उठली. कठडा धरला. तोंड उघडलं...

आणि तशीच उभी राहिली.

हाक निघाली नाही. ओठ हलत होते. डोळ्यांत हळूहळू भीती उतरत होती. मला वाटलं, झटका आला. आम्ही तिला तसंच हॉस्पिटलमध्ये नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. काही नव्हतं. डॉक्टरांनी नावं विचारली. आईने माझं सांगितलं, नातवंडांची सांगितली, आपल्या पाचही बहिणींची ओळीने सांगितली. लहानपणी दारात असलेल्या म्हशीचंही सांगितलं.

"आणि मुलीचं नाव?"

"विनिता म्हणतात तिला सासरी," आई म्हणाली. "मी... मी काय म्हणते हो तिला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. "काय आई, एवढंही आठवत नाही?" असं म्हणून मी ते नाव सांगायला तोंड उघडलं.

माझ्याही तोंडात काही नव्हतं. ताईच्याही नाही.

घरी येऊन लोखंडी कपाट उपसलं. ताईचा शाळेचा दाखला प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होता. कागद कोरकरीत. नावाच्या जागी रुपयाएवढं भोक, कडेला पांढरी पूड. लग्नाची पत्रिका काढली. 'चि. सौ. कां.' एवढं छापलेलं होतं. त्यापुढे कोरं. मावसभाऊ, आत्या, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांना फोन लावले. सगळे आधी हसायचे. मग "अरे, आपली ती..." म्हणायचे आणि थांबायचे.

मी एकटाच गंगाबाईंकडे गेलो. त्यांनी मला आत घेतलं नाही, दारातच बोलल्या.

"जोमा सुटला, कारन भिंतीला दुसरं मिललं."

"आता काय करायचं?"

"तिचं सुटायचं तं तिसरं लागंल," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पुस्तक निघालं. जोमा चुनेवाल्याचं प्रकरण सगळ्यांना आवडलं. सर्वपित्रीला पान वाढल्या वाढल्या कावळा शिवला, असं आनंदांनी कळवलं. दिवाळीनंतर ते गेले. समाधानाने गेले.

ताई तशी बरी आहे. फक्त कधीकधी रस्त्यात मधेच थांबते, मागे वळून बघते, कोणी हाक मारल्यासारखी. परवा चहा पिताना तिने विचारलं, "पिंट्या, त्या दिवशी तू काय म्हणून ओरडलास रे?"

"ताई," मी म्हटलं.

"त्याच्या आधी?"

मी चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात गेलो. आई तिथे बसली होती. ती आता दिवसभर ओठ हलवत असते, एकेक नाव चाचपून बघत असते. डॉक्टर म्हणतात, हृदय फार दिवस काढणार नाही. तिला जाण्याआधी एकदा लेकीला हाक मारायची आहे. बाकी काही मागत नाही.

त्या घराचं काम वर्षभर रखडलं होतं. आता सत्यजीतनी नवे मिस्त्री आणले आहेत. परांची पुन्हा लागली आहे. ही माणसं चुन्याच्या कामातली नाहीत. त्यांना रीत ठाऊक नाही. सातवं कोरं तोंड खरवडून, त्यावर नवा चुना चढवून, नाक-डोळे घडवता येत नाहीत म्हणून ती तसंच गुळगुळीत ठेवणार आहेत. त्यांच्यातला निकेश नावाचा एक दणकट गडी सगळ्यात वर चढतो. पेणजवळ घर आहे त्याचं, आई आहे, बायको आहे. जेवणाची वेळ झाली, की खालून सगळे त्याला मोठ्याने नावाने हाका मारतात.

मी रोज अडीचला तिथे जातो. त्यांना सांगायलाच जातो. ओट्यावर उभा राहतो. समोर आठवं तोंड असतं, डाव्या भुवईत खाच असलेलं, ओठ किंचित उघडे.

अजून मी सांगितलेलं नाही.

उद्या सकाळी ते चुना चढवणार आहेत.